दगडाची हत्यारं घडवायला शिकायचंय, नाशकात सुरुवात कुठून करू?

गंगापूररोडच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी गंगापूर रोडवरच्या एका शाळेत इतिहास शिकवते. अश्मयुगाचा धडा आला की मुलं हमखास विचारतात, "बाई, पण दगडाला धार येते कशी?" फळ्यावर हातकुऱ्हाडीचं चित्र काढून यांचं समाधान होत नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही होत नाही. म्हणून म्हटलं, आपणच शिकून बघू.

व्हिडिओ पोटभर पाहिले. त्यातली माणसं चकमकीचा नाहीतर ज्वालामुखीच्या काळ्या काचेचा मोठा गोळा मांडीवर घेतात, हरणाच्या शिंगानं टकटक करतात आणि पानासारखे पातळ टवके सुटत जातात. मी सोमेश्वरच्या बाजूनं काळे गोटे आणले आणि घरातली हातोडी घेऊन गच्चीवर बसले. एक गोटा फुटलाच नाही, हातोडी उसळून परत आली. एकाची सरळ दोन शकलं झाली, धार कशालाच नाही. एक पांढरट गारगोटी होती, तिचा चुरा झाला. सासूबाईंनी तेव्हापासून गच्चीवर पापड वाळवायला नकार दिलाय.

तर जाणकारांनी सांगा: आपल्याकडचा कोणता दगड चालतो? अवजारं काय लागतात, आणि ती नाशकात मिळतील का? ओळखीतले एकजण "सांबराचं शिंग देतो, गावी पडलंय" म्हणतात, ते घेऊ का? आणि हे वर्गात मुलांसमोर करून दाखवता येईल का?

सिन्नरकर_अण्णा

बाई, दगडापुरतं मी सांगतो, बाकीचं इथले टर्नरकाका सांगतील, ते येतीलच.

आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना त्यात हवेचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर खनिजं भरली. विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावला की चकाकणारे स्फटिक निघतात ना, ते हेच. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर डोळे दिपतील. पण ते झिओलाइट आणि अपोफिलाइट या कामाचे नाहीत. त्यांच्यात फुटायच्या सपाट दिशा ठरलेल्या असतात, मार बसला की त्या दिशेनंच सरळ तुटतात. आपल्याला हवा तो टवका त्यातून निघत नाही.

कामाचं काय, तर त्याच पोकळ्यांत भरलेला अकीक, धुरकट-दुधी रंगाचा कॅल्सेडनी, आणि लाल-पिवळा जास्पर. नांगरलेल्या शेताच्या बांधावर, ओढ्याच्या वाळूत सापडतो. खडा मेणचट दिसतो, आणि अकीक-कॅल्सेडनी फुटला तर कडेनं उजेड आरपार जातो; जास्परमधून जात नाही. अडचण अशी की खडे लहान असतात, लिंबापासून फार तर मुठीएवढे, आणि निम्म्यांच्या पोटात स्फटिकांची पोकळी निघते. तुमच्या गारगोटीचा चुरा झाला तो त्यामुळेच असणार. घेण्याआधी दुसऱ्या दगडानं हळूच वाजवून बघा. खणखणीत वाजला तर ठेवा, बद्द वाजला तर आत तडा किंवा पोकळी आहे, टाकून द्या.

काळ्या पाषाणातही फरक असतो. भोकं-भोकं असलेला नको. अगदी बारीक कणांचा, जड, तोडल्यावर काळा-निळा दिसणारा हवा. क्रशरच्या मालकाला विचारून दोन-चार तुकडे आणा, कोणी नाही म्हणत नाही.

टर्नरकाका_सातपूर

अण्णांनी आठवण काढली म्हणून आलो. बाई, त्यांनी सांगितलेला दगड वेचून ठेवा, पण सध्या कपाटात. हातात काच घ्या.

माझा जन्म लेथवर गेला, निवृत्तीनंतर हा नाद लागला. आमच्या धंद्यात बटन दाबलं की काम दिसतं, इथे तसं नाही. नवीन माणूस ठोक्याच्या मागे लागतो: किती जोरात, कशानं, कुठून. माझं म्हणणं एवढंच की या कामात ठोकण्यापेक्षा कड घासण्यात जास्त वेळ जातो. व्हिडिओवाले तेवढाच भाग कापून टाकतात, कारण तो बघायला कंटाळवाणा असतो.

आधी काचेचा स्वभाव समजून घ्या. लाकडाला रेषा असते, शहाबादी फरशीला थर असतात. काचेला, अकिकाला, चकमकीला दोन्ही नाही. म्हणून मार बसला की जोर सगळीकडे सारखा, शंकूच्या आकारात पसरत जातो. गाडीच्या चाकाखालचा खडा उडून खिडकीच्या काचेला लागला तर आतल्या बाजूनं गोल खपली निघते, ती पाहिली असेल. आपण गोळ्याच्या कडेवर मारतो तेव्हा त्या शंकूची एकच बाजू वापरतो आणि टवका सुटतो. सुटलेला टवका उन्हात तिरका धरा. जिथे मार बसला तिथे पोटाला फुगवटा दिसेल, पुढे वलयं दिसतील. ही खूण सापडली की समजायचं, दगड फुटला नाही, फोडला गेला.

आता कोन. ज्या कडेवर मारायचं तिथला कोन ९० अंशांच्या आत हवा. माझ्या हाताला ६० ते ७५ बरा पडतो. ९० च्या वर गेला की टवका सुटत नाही, जोर आत मुरतो आणि दगड आतून तडकतो. लेथच्या टूलला धारेमागे मोकळी जागा, म्हणजे क्लिअरन्स नसेल तर ते कापत नाही, नुसतं घासतं, तसंच हे. तुमच्या गोल गोट्यावरून हातोडी उसळली, कारण गोल गोट्याला कड नाही आणि कोनही नाही. शिवाय लोखंडी हातोडी पोलादाची, फार कडक. तिनं कड चेचली जाते. दगडावर काम करताना नदीतला गुळगुळीत, अंड्याएवढा घट्ट गोटाच हातोडा म्हणून वापरायचा.

काच कुठली? काचेच्या दुकानात १० आणि १२ एमएमच्या साध्या काचेच्या कापून उरलेल्या पट्ट्या कोपऱ्यात पडलेल्या असतात, बहुतेक ठिकाणी फुकट देतात. फुटलेल्या दुकानाच्या दरवाजाची काच मात्र आणू नका. ती टफन असते, म्हणजे तापवून मजबूत केलेली, एक टवका काढायला जाल तर सगळी दाणेदाण होते. कापता येते ती काच साधी, कारण टफन करायचं काम कापून झाल्यावरच होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. दुसरा पर्याय बिअरच्या बाटलीचा बूड. आपल्या नाशकात वाइनच्या बाटल्यांचीही कमी नाही, पण तिचा बूड मध्ये आत गेलेला असतो, नवशिक्याला तो वळण घेता येत नाही. बिअरचाच घ्या, रंगही छान येतो.

अवजारांना शिंग नको. सांबर-चितळाचं शिंग जंगलात गळून पडलेलं असलं तरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ते असं घरात ठेवणं महागात पडतं. ओळखीतल्यांना नम्रपणे नाही म्हणा. तांबं घ्या. अर्थिंगला वापरतात ती ८ गेजची तांब्याची तार, साधारण ४ एमएम जाड, इलेक्ट्रिकच्या दुकानात फूटभर तोडून देतात. हार्डवेअरमधून कानशीची लाकडी मूठ आणा, तिच्या भोकात तार घट्ट ठोका, बाहेर अर्धा-पाऊण इंच ठेवा. टोक कानशीनं बोथट शंकूसारखं करा, सुईसारखं नको, वाकेल. तार थंडच ठोकून घेतली की तांबं कडक होतं, जास्त टिकतं. काम करताना टोक सारखं बोथट होणार, सारखं घासायचं, त्याला इलाज नाही. घासायला ग्राइंडिंगच्या चाकाचा फुटका तुकडा. अंबडच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये मागा, कचऱ्यातून काढून देतील.

तळहातावर ठेवायला ट्रकच्या ट्यूबचा दोन-तीन घड्यांचा तुकडा आणि मांडीवर चप्पल शिवणाऱ्याकडून तळव्याचं जाड चामडं. डोळ्यांवर गॉगल. उन्हाचा नाही, वेल्डिंगच्या दुकानात मिळतो तो पारदर्शक, बाजूनं बंद असलेला. ही एक गोष्ट टाळायची नाही, बाकी सगळं जमेल तसं.

आता प्रत्यक्ष. पट्टीचा अंगठ्याएवढा तुकडा घ्या. कापलेल्या काचेची कड काटकोनात असते, म्हणजे आपल्या कामाची नाही. ग्राइंडिंगचा तुकडा कडेवर तिरका, वरून खाली ओढून चिमुकले कण पाडत जा, एका बाजूनं, मग उलटून दुसऱ्या बाजूनं. चारी बाजूंनी अशी कड मारली की ती नागमोडी दिसेल. मग त्याच तुकड्यानं कडेच्या लांबीवरून रगडा. इतकं रगडा की बोट फिरवलं तर कापणार नाही. सगळ्यांना इथेच प्रश्न पडतो की धार आणायची तर मग बोथट का करायची? ताजी कड पातळ असते. तारेचं टोक टेकवलं की तीच चुरते, जोर आत जायच्या आधी संपतो, आणि टवका निघाला तरी वाटेत मोडून काचेवर पायरी राहते. घासलेली कड टोकाचा भार पेलते. पायरीवर पायरी पडली की मधला फुगीर भाग पुढे हलत नाही. नव्या हाताची निम्मी कामं इथे मरतात.

काच ट्यूबवर ठेवा, ट्यूब डाव्या तळहातात, डावा हात मांडीच्या आतल्या बाजूला टेकलेला. तारेचं टोक कडेवर रोवा आणि आधी आत दाबा, काचेच्या मध्याकडे. खाली नाही. जोर मनगटाचा नको, दोन्ही गुडघे एकमेकांकडे आवळा, तो जोर हातात येऊ द्या. दाब साठला असं वाटलं की टोक किंचित खाली वळवा. टिक् असा आवाज येतो आणि टवका खालच्या बाजूनं ट्यूबवर पडतो. वरून काहीच दिसत नाही म्हणून माणसं घाबरून आणखी दाबतात. उलटून बघा, खाली लांब खोबण दिसेल. पुढचा टवका त्या खोबणीच्या शेजारच्या उंचवट्यावरून काढायचा. टवका नेहमी उंचवटा धरून पळतो, सपाटीवर पसरून तिथेच विझतो. एक ओळ झाली की पुन्हा कड घासा. कंटाळा आला तर उठा, पण न घासता दाबू नका.

धुळीचं सांगायचं राहिलं. काचेची धूळ डोळ्या-घशाला वाईट. अकीक आणि जास्परची त्याहून वाईट, कारण ती स्फटिक सिलिका. गुजरातेत खंबातला अकिकाच्या मण्यांची कामं करणाऱ्यांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, तो या धुळीनंच. उघड्यावर बसा, वारा पाठीकडून येऊ द्या, एन ९५ मास्क लावा. खाली ताडपत्री अंथरा आणि कोरडं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. हे केलंत तर सासूबाईंचे पापडही परत येतील.

गोळा झालेल्या कपच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात "फुटकी काच" लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात द्या. कचऱ्यात हात घालणारं माणूस असतं.

वर्गात मुलांसमोर करू नका. टवका कुठे उडेल ते मलाही आजवर सांगता आलेलं नाही. घरी काढलेला एखादा टवका न्या, मागची बाजू सुताच्या दोऱ्यानं आणि चिकटपट्टीनं गुंडाळा आणि मुलांसमोर काकडी कापा, चामड्याचा पट्टा कापा. प्रश्नाचं उत्तर मिळतं.

पांढरीवरचा_पोरगा

मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी. काकांनी तंत्राचं सांगितलंय त्यात भर घालण्यासारखं काही नाही, पण बाई सोमेश्वरला गोटे वेचत होत्या म्हणून लिहितो.

तिथून थोडं वर गंगापूरला गोदावरीच्या काठच्या गाळात पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांना पुराश्मयुगातली हत्यारं सापडली होती. त्यावरचा त्यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजनं १९५२ मध्ये छापला. हातकुऱ्हाडी आणि क्लीव्हर (सरळ, रुंद धारेची हत्यारं) बेसाल्ट-डोलेराइटचे, म्हणजे अण्णा म्हणतात त्याच बारीक कणांच्या काळ्या दगडाचे. लहान आणि नाजूक हत्यारांसाठी माणसं पुढे अकीक, चर्ट (चकमकीच्याच जातीचा दगड), जास्परकडे वळली, ते खाली प्रवरेकाठी नेवाशाला छान दिसतं. आणि जुन्या नाशकातली मातीची गढी तर तुमच्या शाळेपासून फार लांब नाही. १९५०-५१ मध्ये तिथे आणि संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी उत्खनन झालं, गढीच्या सगळ्यात खालच्या थरात सूक्ष्मास्त्रं, म्हणजे अगदी चिमुकली दगडी हत्यारं मिळाली. मुलांना धडा शिकवताना हे सांगा, पुस्तकातली परदेशी गुहा त्यापुढे फिकी पडेल. सहल काढायची असेल तर पुण्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे.

पण त्याचमुळे दोन पथ्यं. नदीकाठी फुगवटा असलेला, चारी बाजूंनी टवके काढलेला दगड दिसला तर उचलू नका. जागेसकट फोटो काढा, बाजूला पेन किंवा नाणं ठेवा म्हणजे माप कळतं, आणि राज्य पुरातत्त्व खात्याला कळवा. जागेवरून हलवलेलं हत्यार निम्मं मुकं होतं, कारण ते कुठल्या थरात होतं तेच आपल्याला हवं असतं. आणि दुसरं, काठावर बसून दगड घडवू नका. तुमचे आजचे टवके आणि हजारो वर्षांपूर्वीचे टवके दिसायला सारखेच. घरी करा, आणि बनवलेल्या प्रत्येक वस्तूवर काच कोरायच्या पेनानं साल आणि आद्याक्षरं घाला. कुठे पुरणार असाल तर खाली चालू सालाचं नाणं टाका. प्रयोग करणारे अभ्यासक हेच करतात.

काकांनी खंबातचं नाव घेतलं म्हणून एक गोष्ट सांगतोच. तिथले कारागीर अणकुचीदार लोखंडी सळई जमिनीत तिरकी रोवतात, अकिकाचा खडा तिच्या टोकाला टेकवतात आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या डोक्याच्या हलक्या हातोडीनं मारतात, दांडा बारीक बांबूचा. मारतात एका बाजूनं, टवका सुटतो सळईच्या बाजूनं. आपल्या खड्यांचा आकार बघता बाईंना पुढे मागे हीच पद्धत सोयीची पडेल असं मला वाटतं, टर्नरकाका काय म्हणतात बघू.

गंगापूररोडच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. शिंगाला नाही कळवलं. काच, तार, कानशीची मूठ जमली, ग्राइंडिंगच्या तुकड्यासाठी वर्कशॉपवाल्यानं "मॅडम, काय बनवताय?" म्हणून चहा पाजला.

काका, बिअरच्या बाटलीबद्दल एक विचारायचं राहिलं. बूड वेगळा कसा काढायचा? हातोडीनं फोडली तर बुडाचेच तुकडे होतात. आणि काठाकडचे टवके आता सुटतायत, पण मध्यभाग जाडच राहतो. कडेनं नुसतं अरुंद होत चाललंय.

टर्नरकाका_सातपूर

बूड असा काढा. बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळा, तोंड उघडं ठेवा, आत पाच-सहा इंची मोठा खिळा टाका. बाटली उभी धरून खाली-वर झटके द्या, खिळ्याचं टोक बुडाच्या मध्यावर पडलं पाहिजे. बूड एका तुकड्यात सुटतो. हातमोजे घाला, गॉगल घाला, आणि खाली बादली ठेवा.

अरुंद होतंय म्हणजे तुमची कड जाडीच्या मध्यावर आहे. ज्या बाजूचा टवका काढायचाय त्या बाजूकडे कड आधी सरकवून घ्या. म्हणजे तुकडा उलटा धरायचा, वरच्या बाजूनं कडेवरून लहान लहान कण खाली पाडायचे, त्यानं कड वर सरकते; तुकडा पुन्हा सुलटा केला की तीच मध्यरेषेच्या खाली येते. मग घासायची. आता त्या खालच्या बाजूला टवका काढा, तो आत लांब जाईल. कड मध्यरेषेच्या वर राहिली तर टवका आखूड निघतो नाहीतर तुकडा आडवा मोडतो. पेन्सिलीनं, नाहीतर बायकोच्या लिपस्टिकनं म्हणा, कडेवर मध्यरेषा आखून घेतली तर सोपं जातं. मी स्केचपेन वापरतो.

आणि आत दाबताना तुम्ही खाली लवकर वळत असणार. आत दाब तिप्पट, खाली एक भाग, असं मनाशी धरा.

खंबातची पद्धत पोरगा म्हणतो ती बरोबर, लहान खड्याला चांगली. मी सळई जमिनीत न रोवता लाकडी ठोकळ्यात रोवतो, बसायला स्टूल मिळतं, गुडघे बोलत नाहीत. पण ते काचेवर हात बसल्यावर. अकीक तापवून जास्त चांगला फुटतो हेही कोणी सांगेल, खरं आहे, पण वाळूत पुरून सावकाश तापवायचा आणि तितकाच सावकाश गार करायचा असतो. ओलसर खडा थेट गॅसवर ठेवलात तर बंदुकीसारखा फुटेल. स्वयंपाकघरात नकोच.